शंभरातले एकेचाळीस

सारिकाने पाचवी गुंडाळी उलगडली तेव्हा ओसरीवर दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसली होती, पण कुणी खोकायलाही तयार नव्हतं. गोणपाटाचा ओला तुकडा आणि त्यात दहा-दहाच्या रांगेत मांडलेले सोयाबीनचे शंभर दाणे. पाच दिवस ओलीत ठेवलेले. ज्याला पांढरा, सरळ कोंब आला तो दाणा जिवंत. जो नुसताच फुगून बुळबुळीत झाला तो मेलेला. सारिका एकेक दाणा बोटाने बाजूला सारत मोजत होती आणि नंदाबाई मनातल्या मनात तिच्या पुढे मोजत होती.

त्रेचाळीस.

आधीच्या चार गुंडाळ्यांत एकेचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस आणि एकोणचाळीस. पाच पोत्यांच्या पाच गुंडाळ्या. सारिकाने बेरीज केली, पाचाने भागलं आणि आकडा सांगितला. शंभरातले एकेचाळीस. बियाणं म्हणून द्यायचं तर शंभरात निदान सत्तर तरी उगवायला हवेत. त्याच्या खाली आलं की ते बियाणं राहत नाही, तेलाच्या गिरणीचा माल होतो.

"परत मोज," गेणूआबा म्हणाले.

"दोनदा मोजलंय, आबा."

"मग तिसऱ्यांदा मोज. आकडा काय कातळावर कोरलाय व्हय?"

सासऱ्यापुढे बोलून उपयोग नाही हे सारिकाला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं. तिने तिसऱ्यांदा मोजलं. त्रेचाळीसचे चव्वेचाळीस काही झाले नाहीत.

"दाणा शेतात चांगला व्हता," ती म्हणाली. "मी सोता शेंगा फोडून बघितल्यात. पन सोयाबीनची साल लय पातळ. मळताना मशीन जोरात फिरलं की आतला कोंब मोडतो. वरनं दाणा धड दिसतो, आत मेलेला."

तिने कुणाकडे बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती. सगळ्या माना खांबाला टेकून बसलेल्या कादरकडे वळल्या. मळणीचं मशीन त्याचं. चाळिशीचा धिप्पाड माणूस, पण त्या घडीला तो अंग चोरून असा बसला की खांबाआड मावला असता.

नंदाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मांडीवरच्या आपल्या तळव्यांकडे पाहत राहिली. दाणे कशाने मेले असावेत याची आणखी एक हकिगत होती, आणि ओसरीवरच्या एवढ्या माणसांत ती एकट्या तिलाच ठाऊक होती.

आता ही नंदाबाई कोण ते सांगायला हवं, नाहीतर ती गप्प का बसली ते कळायचं नाही.

कुरवंड्याची मुलगी. सतराव्या वर्षी लग्न होऊन औंढ्यात आली. नवरा रेल्वेत गँगमन, घाटातल्या रुळांवर. दरड कोसळली की चार-चार दिवस त्याचं तोंड दिसायचं नाही. शेत तिने एकटीने ओढलं. पण पंचक्रोशीत तिचं नाव झालं ते शेतामुळे नव्हे, बियाण्यामुळे. कापणीच्या आठ दिवस आधी ती भातात शिरायची आणि एकेक भरलेली लोंबी निवडून खुडायची. घरामागे काळ्या कातळाचा सपाट पट्टा आहे, चांगला अंगणाएवढा. त्यावर ते भात चार-पाच उन्हं तापायचं. मग ती एक दाणा दाताखाली धरायची. कट् वाजलं की वाळलं. नाही वाजलं तर आणखी एक ऊन. निरगुडीचा पाला घालून कणगीत भरलेलं ते भात पुढच्या जूनमध्ये असं दाट उगवायचं की रोपांत बोट घालायला जागा नसायची. लोहगडवाडीपासून कुरवंड्यापर्यंतची माणसं बियाण्यासाठी तिच्या दारात यायची. नंदाबाईच्या दातातून गेलंय म्हणजे बघायला नको, असं म्हणायची. ती वरवर "काय तरी बाई तुमचं" म्हणायची खरी, पण ते ऐकायला तिला फार आवडायचं. माणसाला कशाची तरी ऐट लागतेच. तिला आपल्या दाताची होती.

सोयाबीनचं खूळ सारिकाचं. गेणूआबांची सून, शेतीची पदविका केलेली, बोलायला फटकळ. मावळातल्या पावसात सोयाबीन लावायचं म्हणजे शेंगा झाडावरच कुजवायच्या, हे तिलाही कळत होतं. तिचा बेत निराळा होता. उन्हाळ्यात, विहिरीच्या पाण्यावर, फक्त बियाण्यासाठी लावायचं आणि जूनच्या तोंडावर खाली खेड-जुन्नरकडच्या शेतकऱ्यांना द्यायचं.

"पयल्या साली मिळायचं काय न्हाई," तिने जानेवारीत अकरा घरांना गोळा करून सांगितलं होतं. "पयलं साल म्हंजे शाळा. फी सगळ्यांनी मिळून भरायची. बुडलं तर अकरा घरांत वाटून बुडंल. शिकलो तर अकरा घरं शिकतील."

फी म्हणजे पैसा नव्हे. गेणूआबांनी विहिरीलगतची वीस गुंठे जमीन दिली. कादरने मळणी पत्करली. बाकीच्यांनी भाताच्या आवणीला धरतात तशी सावड धरली, म्हणजे सगळ्यांनी मिळून सगळ्यांचं काम. वाळवण आणि साठवण नंदाबाईकडे. ते ठरवावंसुद्धा लागलं नाही. बियाणं म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचं नाव निघणार होतं?

शिवाय एक वही होती. ज्याची चूक होईल त्याने ती सगळ्यांसमोर सांगायची, नावानिशी वहीत लिहायची आणि बाकीच्यांनी हसायचं नाही, असा सारिकाचा दंडक. हसायचं नाही हे कलम पंधरा दिवसांत मोडलं. गेणूआबांचा जन्म भाताला पाणी पाजण्यात गेलेला. त्यांनी सोयाबीनच्या वाफ्यांतही खाचरासारखं पाणी तुंबवलं आणि दोन वाफे हळदीसारखे पिवळे करून ठेवले. वहीत लिहिलं गेलं, सगळे पोट धरून हसले, आबाही हसले. फुलं आल्यावर जांभळ्या फुलांच्या पिकातली पांढऱ्या फुलांची भेसळ उपटायची होती, तर एकाने नेमकी जांभळीच उपटली. तेही लिहिलं. अशा सात-आठ चुका झाल्या आणि वही बाळसं धरू लागली. नंदाबाईचं नाव मात्र तिच्यात एकदाही आलं नव्हतं.

मळणी मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. ड्रम सावकाश फिरावा म्हणून कादरने त्याची पुली बदलून मोठी बसवली होती. दिवसभर तो मशीनपाशी कान लावून उभा होता. रास उचलताना मळणीवाल्याला सूपभर दाणे द्यायची गावची रीत आहे, त्याप्रमाणे नंदाबाईनेच त्याच्या फडक्यात सूप ओतलं. पाच पोती तिच्या पडवीत आली.

"मावशी, सकाळचं कवळं ऊन द्यायचं, तेबी ताडपत्रीवर," सारिकाने बजावलं. "कातळावर टाकायचं न्हाई. दुपार झाली की सावलीत."

"व्हय गं बाई. आता मला वाळवन शिकीव."

चार दिवस तिने सांगितल्याबरहुकूम केलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी घाटाकडून ढग चढले, नागफणीचा सुळका दिसेनासा झाला, हवा चिकट झाली. तिने एक दाणा दाताखाली धरला. कट् वाजलं नाही. दात चक्क आत रुतला. हे ओलंच आहे. असंच पोत्यात भरलं तर बुरशी धरणार आणि अकरा घरांची मेहनत आपल्या पडवीत कुजणार. सारिका शिकलेली आहे खरी, पण शिकलेल्या पोरीने दाणा दाताखाली कधी धरलाय?

पुढचे दोन दिवस सगळं गाव कामशेतला लग्नाला गेलं होतं. नंदाबाई गुडघ्यांचं निमित्त सांगून मागे राहिली. पाऊस आला नाही, उलट ऊन असं पडलं की कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीत बसल्या. तिने पाचही पोती घरामागे ओढत नेली आणि भर दुपारी कातळावर पसरली. पायाने वर-खाली केली, भात करते तशीच. दुसऱ्या दुपारी दाण्यांतून बारीक आवाज येऊ लागला. तट्. तट् तट्. वाळल्याचा आवाज, असं तिला वाटलं. तो तिला गोडही लागला. संध्याकाळी दाणा दाताखाली धरला, कट् वाजलं, आणि तिने ते गरम दाणे तसेच पोत्यांत भरून तोंडं आवळली.

भरताना काही दाण्यांच्या साली सुटलेल्या दिसल्या. काहींच्या सरळ डाळी झालेल्या. दोन सुपं भरतील एवढी डाळ तिने पाखडून काढली. तेव्हा तिला शंका आली नाही असं म्हणवत नाही. शंका आली होती. तिने ती डाळीबरोबर कोंबड्यांना घालून टाकली.

तर अशी ही ओसरीवर मान खाली घालून बसलेली नंदाबाई. सारिकाने वही मिटली.

"आज कुनी कुनाला बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "बुधवारी सकाळी परत बसू. काय चुकलं ते शोधून लिहू. मंग पुढच्या साली करायचं का सोडून द्यायचं तेबी ठरवू."

"शोधायचं काय त्यात?" कुणीतरी पुटपुटलं. कादर उठून निघून गेला. त्या दिवशी गुरुवार होता.

त्या रात्री नंदाबाईने स्वतःची समजूत घातली. सारिकाच म्हणते ना, मशीनने मरतं म्हणून? मग मशीननेच मेलं असेल. कातळावर चाळीस वर्षं भात वाळतंय, एक दाणा तरी मेला का? पुली मोठी बसवली म्हणतो, पण आत काय चाललंय ते कुणी पाहिलंय? आपण तोंड उघडायचं आणि उद्या निघायचं की दोष कादरचाच होता, म्हणजे चाळीस वर्षांचं नाव फुकट गेलं. अशी समजूत घालून ती झोपली आणि पहाटे उठली तेव्हा समजूत कुठल्या कुठे गेली होती.

शुक्रवारी दुपारी कादरची बायको मदिना आली, भाताचं बी न्यायला. दरवर्षी ती रोहिणीच्या आधी यायची. नंदाबाईने कणगीतलं बी मापून दिलं. मदिना नेहमीसारखी हसली-बोलली नाही. पदरात बी बांधून तशीच उंबऱ्यावर टेकली.

"ह्यांनी कालधरनं धड खाल्लं न्हाई, मावशी. सगळं मशीन खोलून अंगनात मांडलंय. कुटं जास्त फिरलं ते हुडकत्यात. कुरवंड्याचं दोघं सकाळी येऊन सांगून गेलं, दिवाळीच्या मळनीला आमी दुसरं मशीन बघतो म्हनं. भाताच्या मळनीला ह्याचा काय संबंध, सांगा बरं."

नंदाबाईला कुरवंड्याचे ते दोघे कोण असतील ते बरोबर कळलं. एक तर तिच्या माहेरच्या भावकीतला.

"तूच सांग त्याला, मनाला लावून घेऊ नगं," ती म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच शब्दांची शिसारी आली.

"म्या सांगून ऐकत्यात व्हय? म्हनत्यात, माझ्या हातनं अकरा घरांचं बियानं मेलं."

मदिना उठली. ती फाटकापर्यंत गेली आणि तेवढ्यात नंदाबाईच्या तोंडून निघून गेलं, "मदिना, ते राशीचं सूपभर सोयाबीन दिलं व्हतं, त्येचं काय केलंस गं?"

"डब्यात हाय की. गव्हात मिसळून दळायला न्यायचं म्हनत व्हते. का वो?"

"काय न्हाई. ओंजळभर दे मला. बघायचंय."

मदिनाने का ते विचारलं नाही. विचारणार तरी कशाला, बियाण्याचं नंदाबाई बघते म्हटल्यावर. अर्ध्या तासात तिने वाटीभर दाणे आणून दिले.

तेच शेत, तीच मळणी, तेच मशीन. फक्त हे दाणे कातळावर गेले नव्हते. नंदाबाईने दार लोटून घेतलं, गोणपाट भिजवलं आणि सारिकाने केलं होतं तसे दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडले. दोनदा रांग चुकली. गुंडाळी बांधून तिने न्हाणीच्या कोपऱ्यात उभी केली. जन्मभर तिने देवाकडे उगवण्याचंच मागणं मागितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा, हे उगवू नये, असं तिने मागितलं.

शनिवार-रविवार लोहगडाला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. तिला त्या हॉर्नचंही बरं वाटलं, कुणाशी बोलावं लागत नव्हतं. दिवसातून तीनदा ती गुंडाळीवर पाणी शिंपडायची आणि उलगडून पाहायचा मोह आवरायची. रविवारी संध्याकाळी आवरला नाही. कडेची घडी बोटभर उचलली. आत पांढरं काहीतरी दिसलं. तिने घडी झटकन मिटली आणि पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून बाहेर आली. एवढ्यानं काय होतं, असं ती अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणाली. कोंबड्यांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं.

सोमवारी दुकानात जाताना कादरच्या दारावरून जावं लागलं. दुसरी वाट होती, पण ती लांबची, आणि लांबच्या वाटेने गेल्याचं कुणी पाहिलं तर, असं तिच्या मनात आलं. चोराच्या मनात काय काय येतं! अंगणात ताडपत्रीवर ड्रम, चाळण्या, पट्टे, नटबोल्ट ओळीने मांडले होते आणि मधे कादर, कोपरापर्यंत काळा.

"मावशी," त्याने हाक मारली. तिला थांबावं लागलं. "मळताना तुमी राशीत हात घातला व्हता. दानं कसं वाटलं व्हतं तुमाला? खरं सांगा."

"बरं वाटलं व्हतं."

"तुटका दाना?"

"लय न्हवता."

"मंग मेलं कशानं वो?" तो तिच्याकडे असा पाहत होता की जणू डॉक्टरकडे पाहतोय. "तुमचं बियान्यात आयुष्य गेलंय. तुमीच सांगा, मी कुटं चुकलो?"

हीच वेळ होती. दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं. तिने तोंड उघडलं, आणि म्हणाली, "बुधवारी बघू की सगळी मिळून." आणि दुकानाची पिशवी सावरत पुढे गेली. आपण काय आणायला निघालो होतो तेच दुकानात तिला आठवेना. मीठ घेऊन परत आली. मीठ घरात होतं.

बुधवारी सकाळी अंघोळ करून तिने गुंडाळी उंबऱ्यावर, उजेडात आणली. उलगडायच्या आधीच तिला कळलं, कारण गोणपाटाच्या विणीतून कोंबांची टोकं बाहेर आली होती. तिने तरीही मोजलं. एकेक दाणा बाजूला सारत, सावकाश. चौऱ्याऐंशी.

तिने पुन्हा मोजलं नाही. तिथेच उंबऱ्यावर बसली. मशीन निर्दोष होतं. मारले ते तिने, तिच्या कातळाने आणि तिच्या दाताने. आता दोनच गोष्टी करता येत होत्या. ही गुंडाळी चुलीत घालायची, की घेऊन जायची. चुलीत घातली तर जगात कुणालाही कधी कळणार नव्हतं. मदिना उरलेले दाणे दळून आणेल, कादर दोष पोटात घालेल, पुढल्या साली दुसरं मशीन येईल आणि कुणीतरी दुसरं पुन्हा कातळावरच वाळत घालेल. अकरा घरांनी फी भरली होती. धडा एकटीच्या घरात पडून होता. तिने चुलीकडे बराच वेळ पाहिलं. खोटं कशाला बोला, चूल पेटलेली होती. मग तिने गुंडाळी ओल्या फडक्यात बांधली आणि ती बाहेर पडली.

ओसरी भरली होती. ती टेकते न टेकते तोच कादर उभा राहिला. रात्रभर मनात घोकून आल्यासारखा बोलू लागला.

"हुडकायला नगं, माझीच चूक हाय. लिवून घ्या. पुली मोठी बसवली व्हती, पन दुपारनंतर ढगाची भीती वाटली म्हनून मी जरा घाई केली. पट्टा तानला आसंल. मशीन खोललं तर काय सापडलं न्हाई, पन मशीनबिगर दुसरं कायबी न्हवतं मधी. माझ्यामुळं अकरा घरांचं नुकसान झालं. माझं नाव लिवा."

ओसरीवर हायसं वाटल्याची कुजबुज झाली. दोषी सापडला की माणसांना बरं वाटतं. सारिकाने मान हलवली आणि पेनचं टोपण काढलं.

"लिहू नगंस," नंदाबाई म्हणाली.

आवाज एवढा बारीक आला की कुणाला ऐकूच गेला नाही. सारिकाने तारीख लिहिली.

"सारिके, लिहू नगंस म्हनते ना!"

आता सगळ्यांनी पाहिलं. तिने फडकं सोडलं आणि गुंडाळी ओसरीच्या मधोमध उलगडली. कोंबांची रांगच रांग. कुणीतरी "आरं!" म्हणालं. गेणूआबा गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकले.

"हे कुटलं?" सारिकाने विचारलं.

"कादरच्या घरचं. राशीचं सूप दिलेलं, त्यातलं. चौऱ्याऐंशी हायत, मोजून बघ. त्येच्या मशीनला काय बी झालेलं न्हाई." आता आपण थांबलो तर पुन्हा बोलवणार नाही हे तिला ठाऊक होतं. "मी कातळावर टाकलं. तुमी कामशेतला गेलता तवा. दोन दुपारी. दाताला वलं लागलं म्हनून."

गेणूआबांचं तोंड रागाने लाल झालं. "आगं, तुला हिनं सांगितलं व्हतं," ते सुरू झाले, "तुझा तो दात..." आणि अर्ध्यावरच थांबले. कुणी हसलं नाही. चुकीला हसायचं नाही हा दंडक जानेवारीपासून पहिल्यांदा पाळला गेला, आणि नंदाबाईला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

कादर अजून उभाच होता.

"कवा कळलं तुमाला?" त्याने विचारलं.

आज सकाळी, असं सांगता आलं असतं. ते तसं खोटंही नव्हतं.

"खात्री आज झाली," ती म्हणाली. "शंका गुरवारीच आली व्हती. हितंच."

"गुरवारी." त्याने बोटं मोजली नाहीत, पण ओठ हलले. "सा दिस. सोमवारी तुमी माझ्या अंगनात हुब्या व्हत्या. मी इचारलं तुमाला. मी तुमालाच इचारलं."

"व्हय."

"तवा सांगता आलं न्हाई?"

"न्हाई आलं. लाज वाटली." आणि मग आणखी खरं, "नावाची भीती वाटली."

तो खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. मारच बसल्यासारखा दिसत होता. मदिना बायकांत मागे बसली होती, तिने पदर तोंडाला लावला.

सारिका चिडली होती, मानेच्या शिरा दिसत होत्या. पण तिने वहीचं नवं पान काढलं आणि विचारायला लागली. किती वाजता टाकलं? थर केवढा जाड होता? पायाने हलवलं का? भरताना दाणे गरम होते का? नंदाबाईने सगळं सांगितलं. काहीही राखलं नाही, पाखडून काढलेली डाळ नाही आणि कोंबड्याही नाहीत. तट् तट् आवाजाचं सांगितलं तेव्हा मागून एकाने विचारलं, "म्हंजे आवाज आला की साल फुटली म्हनायची?" दुसरी म्हणाली, "मंग आवाज यायच्या आधी उचलाया पायजे." तिसऱ्याला गरम दाणा पोत्यात भरल्याने काय होतं ते हवं होतं. दातावरून नाही, तर मग वाळल्याचं कळायचं कशावरून, यावर बराच वाद झाला. माणसं सरकून पुढे आली. पान भरलं, उलटलं, दुसरं निम्मं भरलं. जानेवारीपासून वहीत एवढं मोठं काही लिहिलं गेलं नव्हतं.

"नाव लिहू?" सारिकाने शेवटी विचारलं, जरा नरमून.

"लिही. पुरं लिही."

पोती तेलाच्या गिरणीत धाडायचं ठरलं. मग पुढच्या सालाचा विषय निघाला. करायचं, असं सगळ्यात आधी गेणूआबाच म्हणाले, तेही खेकसून, कुणी नाही म्हटल्यासारखं. जमीन तीच, सावड तशीच.

"अन् वाळवन कुनाकडं?" सारिकाने विचारलं.

बियाण्याचा विषय निघाला आणि एकही मान नंदाबाईकडे वळली नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. जो तो भिंतीकडे, वहीकडे, आपल्या पायांकडे पाहत होता. तिला ते अपेक्षितच होतं, तरी लागलं.

"माझ्या अंगनात," कादर म्हणाला. आवाजातला कडकपणा गेला नव्हता. "ताडपत्री माझी. पन कवा पुरं झालं अन् कवा लय झालं, ते मला न्हाई कळायचं. मावशींनी रोज येऊन बसायचं. हात लावून सांगायचं."

मग तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला.

"सांगाल न्हवं? का त्येबी सा दिसांनी?"

"त्याच घडीला सांगीन," नंदाबाई म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.